जलनेतीचे पाणी

जूनच्या मध्यास पन्हाळ्यावर दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी येतात. एक पाऊस आणि दुसरी शाळा. समुद्रसपाटीपासून तीन हजारांहून अधिक फूट उंच असलेल्या या गडावर ढग खाली उतरतात, भिंतींना ओल सुटते, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. आणि ओल्या दप्तरांनी भरलेल्या, खिडक्या लावून घेतलेल्या वर्गांत पहिल्या पंधरवड्यातच शिंकांची साथ सुरू होते. गडाखालच्या कोडोली, कोतोली, कळे, बाजारभोगाव या गावांतही चित्र फारसे वेगळे नसते. हजेरीपटावरील गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात आणि औषधांच्या दुकानात 'सर्दीची गोळी' मागणाऱ्यांची गर्दी होते. याच सुमारास २१ जूनचा आंतरराष्ट्रीय योग दिन येतो. २०१५ पासून तो पाळला जात आहे. मैदान ओले असल्यामुळे सतरंज्या व्हरांड्यात अंथरल्या जातात, ताडासन-वृक्षासन होते, छायाचित्रे निघतात, अहवाल वरच्या कार्यालयात जातो. योगाभ्यासातील जी एक क्रिया नेमकी या दिवसांतल्या दुखण्याशी संबंधित आहे, तिचा मात्र त्या दिवशी सहसा उच्चारही होत नाही. ती क्रिया म्हणजे जलनेती, म्हणजेच मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणे.

या क्रियेविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एका पक्षाच्या मते तिने सर्दीपासून दम्यापर्यंत आणि डोकेदुखीपासून दृष्टिदोषापर्यंत सारे काही बरे होते. आणि ज्याचे होत नाही, त्याची श्रद्धा कमी पडली असे समजावयाचे. दुसरा पक्ष शिकल्यासवरल्यांचा. त्याला नाकात पाणी घालण्याची कल्पनाच ओंगळ वाटते आणि प्राचीन ऋषिमुनींचे नाव निघताच तो नाक मुरडतो. एका बाबतीत मात्र दोन्ही पक्षांचे एकमत आहे: पुरावा पाहण्याची गरज दोघांनाही वाटत नाही. वस्तुतः गेल्या पंधरा-वीस वर्षांत या विषयावर पुरावा जमू लागला आहे. तो मर्यादित आहे, तरीही उपेक्षा करण्याजोगा नाही. त्याचबरोबर एक धोकाही पुढे आला आहे, आणि त्याचा विचार केल्यावाचून ही क्रिया घरात वा शाळेत शिकविणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

प्रथम परंपरेविषयी थोडे. पंधराव्या शतकातील स्वात्मारामांची 'हठप्रदीपिका' धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती अशा सहा शुद्धिक्रिया सांगते. पण तीतली नेती सुताची आहे. नाकातून दोरा घालून तो तोंडावाटे काढावयाचा असतो. पाण्याचा उपयोग नंतरच्या 'घेरंडसंहिते'त येतो. पण तेथे तो कपालभातीचा एक प्रकार म्हणून येतो आणि नाकाने ओढलेले पाणी तोंडाने टाकावयाचे असते. तोटीच्या लोट्याने एका नाकपुडीत पाणी सोडून दुसरीतून बाहेर काढावयाचे, हे आजचे सुटसुटीत रूप या दोन ग्रंथांत जलनेती या नावाने आढळत नाही. यात कमीपणा कसलाच नाही. परंपरा जिवंत असते तेव्हा ती साधने बदलते. परंतु 'हजारो वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे' एवढ्यावर ज्यांची भिस्त आहे, त्यांनी ग्रंथ एकदा उघडून पाहावेत हे बरे.

महाराष्ट्राला या बाबतीत अधिक चांगली परंपरा लाभली आहे, ती पडताळून पाहण्याची. लोणावळ्याचे कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. नौली करताना पोटातील दाब किती उतरतो, हे त्यांनी यंत्राने मोजले. क्ष-किरणांचा उपयोग केला. निष्कर्ष छापून इतरांपुढे तपासणीसाठी ठेवले. त्या प्रयत्नाला आता शंभर वर्षे उलटून गेली. या शंभर वर्षांत योगाचे उत्सव वाढले. नाक धुण्याच्या ज्या चाचण्यांचा आज जगात हवाला दिला जातो, त्या मात्र चेक प्रजासत्ताकात, एडिंबरात आणि साउदॅम्प्टनच्या संशोधकांच्या हातून झाल्या. कुवलयानंदांच्या भूमीला हे भूषणावह नाही.

या चाचण्यांनी काय दाखविले हे पाहण्यापूर्वी नाकाचे काम समजून घेतले पाहिजे. नाक ही नुसती हवेची नळी नव्हे. आत येणारी हवा ते कोमट करते, ओलसर करते आणि गाळते. आतल्या त्वचेवर शेंबडाचा पातळ थर असतो आणि त्याखाली डोळ्यांना न दिसणारी लव सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलत असते. धूळ, परागकण, विषाणू या चिकट थरात अडकतात. लव तो थर हळूहळू घशाकडे ढकलते. आपण तो नकळत गिळतो आणि पोटातील आम्ल पुढचे काम करते. धुराने, कोरड्या हवेने किंवा सर्दीने थर घट्ट झाला की ही वाहतूक मंदावते. मिठाचे पाणी हा थर सैल करते आणि त्यात अडकलेले धुऊन काढते. साधे पाणी नाकात झोंबते, कारण त्यातील क्षारांचे प्रमाण शरीरातील द्रवांशी जुळत नाही. लिटरमागे सुमारे नऊ ग्रॅम मीठ असले की झोंबत नाही. एडिंबराच्या संशोधकांनी २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखविली. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींना मीठ पुरविले असता त्या मिठातील क्लोराइडपासून हायपोक्लोरस आम्ल तयार करतात आणि विषाणूंची वाढ रोखतात. ग्रामपंचायतीच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर जो घटक जंतू मारतो, तोच हा घटक होय. पेशींत घडते ते माणसाच्या नाकातही तसेच घडते, असे यावरून सिद्ध होत नाही. पण आजीबाईंचा बटवा आणि रसायनशास्त्र यांची येथे गाठ पडते, एवढे खरे.

आता चाचण्या. चेक प्रजासत्ताकातील आठ केंद्रांत सहा ते दहा वर्षे वयाच्या ४०१ मुलांवर झालेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. समुद्राच्या पाण्यापासून केलेल्या द्रावणाने नाक धुणाऱ्या मुलांची सर्दी लवकर ओसरली आणि पुढील आठवड्यांत ती उलटण्याचे प्रमाणही कमी राहिले. एडिंबराची २०१९ ची चाचणी लहान, अवघ्या ६६ प्रौढांची होती. सर्दी लागताच तीव्र मिठाच्या पाण्याने नाक धुऊन गुळण्या करणाऱ्यांचे दुखणे सरासरी १.९ दिवसांनी कमी झाले आणि घरातील इतरांना लागण होण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. त्याच मंडळींनी पुढे सहा वर्षांखालील ४०७ मुलांची चाचणी केली व तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत मांडले. येथे लोटा नव्हता. आईवडिलांनी घरी केलेल्या मिठाच्या पाण्याचे काही थेंब दिवसातून चारदा नाकात सोडावयाचे, एवढेच. या मुलांची सर्दी सहा दिवस टिकली, इतरांची आठ दिवस. आणि घरातील अन्य कोणाला सर्दी झाल्याचे सांगणारी कुटुंबे पहिल्या गटात ४६ टक्के, तर दुसऱ्या गटात ६१ टक्के होती.

सर्वांत मोठी चाचणी ब्रिटनमधील. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'च्या श्वसनविषयक नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली आणि तीत १३,७९९ माणसे होती. सर्दीची चाहूल लागताच किंवा आजारी माणसाच्या सहवासात आल्यावर ज्यांनी मिठाच्या पाण्याचा फवारा नाकात मारला, ती सहा महिन्यांत सरासरी ६.४ दिवस आजारी होती. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला होता, ती ८.२ दिवस. अँटिबायोटिकांचा वापरही फवाऱ्याच्या गटात कमी झाला. प्रस्तुत लेखकाला ही दुसरी बाब पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर अँटिबायोटिकाचा काडीचाही उपयोग नाही. आणि तरीही आपल्या गावोगावी तीन गोळ्यांची पट्टी चिठ्ठीवाचून हातात पडते. मिठाच्या पाण्याने दुसरे काही न होता एवढा मोह जरी आवरला, तरी सौदा वाईट नाही.

मात्र या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. त्यातील बहुतेक पुरावा सर्दी आटोपती घेण्याचा आणि ती घरात पसरू न देण्याचा आहे. मुळात होऊच न देण्याचा पुरावा त्या मानाने थोडा. कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये पाच चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा काही लक्षणांत आराम पडत असावा, पण चाचण्या फार लहान आहेत, असेच म्हटले होते. उलट बाजूचीही एक नोंद आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील एका परिषदेत सायनसच्या जुनाट रुग्णांविषयी निबंध सादर झाला. नियमित नाक धुणाऱ्या ६८ रुग्णांनी ते धुणे थांबविल्यावर त्यांच्या संसर्गाच्या खेपा कमी झाल्या, असे त्यात नोंदले होते. अभ्यास लहान आहे. पण शेंबूड हाही संरक्षकच असतो आणि तो रोज, बारमाही धुऊन काढणे हितावहच असेल असे धरून चालू नये, एवढी सूचना त्यातून घ्यावयास हरकत नाही. गरजेच्या दिवसांत करावयाची क्रिया आणि जन्मभराचे व्रत यांत फरक आहे.

करोनाच्या काळात हा फरक कोणालाच नको होता. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे नव्या विषाणूपासून बचाव होतो याला पुरावा नाही, असा खुलासा केला. त्या वेळी तो योग्यच होता. २०२१ च्या जून-जुलैत कोल्हापूर जिल्हा राज्यातील सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत मोडत होता, तेव्हा भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या उपायांना ऊत आला होता आणि त्यांत जलनेतीही होती. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतील ऑगस्टा येथील अभ्यास प्रसिद्ध झाला. ५५ वर्षांवरील ७९ बाधितांनी दोन आठवडे दिवसातून दोनदा नाक धुतले आणि त्यांतील एकालाच रुग्णालयात दाखल व्हावे लागले. परंतु त्यांची तुलना बरोबरीने निवडलेल्या दुसऱ्या गटाशी केलेली नव्हती, ती राष्ट्रीय आकडेवारीशी केलेली होती. असा अभ्यास आशा दाखवितो, खात्री देत नाही. ज्यांनी २०२१ मध्ये लस न घेता लोट्यावर भरवसा ठेवला, त्यांचे या अभ्यासाने समर्थन होत नाही.

आणि आता पाण्याविषयी, कारण सारा प्रश्न अखेरीस तेथेच येऊन थांबतो.

२०११ मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात दोन व्यक्ती मेंदूच्या एका दुर्मिळ रोगाने दगावल्या. दोघीही घरच्या नळाच्या पाण्याने नाक धूत असत. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा त्या पाण्यातून नाकात गेला होता. हा जीव कोमट, गोड्या, साचलेल्या पाण्यात राहतो. पाणी गिळल्याने तो काही करीत नाही. पण नाकाच्या वरच्या टोकाला पोहोचला, तर गंधाच्या मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूत शिरतो आणि शंभरांत पंचाण्णवांहून अधिक रुग्ण वाचत नाहीत. कराचीत वुजूच्या वेळी नाकात नळाचे पाणी घेतल्याने असे मृत्यू झाले आहेत. आपल्याकडे केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराचे अनेक रुग्ण आढळले, त्यांत लहान मुलेही होती; अखेर तेथील शासनाला विहिरींचे क्लोरिनीकरण मोहीम म्हणून हाती घ्यावे लागले. हा रोग अत्यंत विरळा आहे, हे पुन्हा सांगितले पाहिजे. कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही. पण जे पाणी पिण्यास चालते ते नाकात घालण्यास चालतेच असे नाही, हा यातला मुद्दा आहे. आणि आपल्याकडे योगाच्या वर्गांत जलनेती शिकविताना दिवसाची वेळ, दिशा, नाकपुडीचा क्रम हे सारे सांगतात. पाणी उकळलेले होते का, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

पन्हाळ्याला पाण्याचे मोल वेगळे सांगावयास नको. तीन दरवाजाजवळची अंधारबाव पाहिलेल्यांना ठाऊक असेल की तळाशी विहीर आणि वर मजले अशी ती बांधणी आहे. वेढ्याच्या काळात शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून विहीर अशी झाकून, पहाऱ्यात ठेवली, असे गडावर सांगतात. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा महिनोन् महिने चालला, तो याच पाण्याच्या आधारावर सोसला गेला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा जागतिक वारशात समावेश केला, त्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे. अंधारबाव पाहावयास आता देशोदेशीचे लोक येतील. आजच्या पाण्यावरील पहारा कसा आहे? गावोगावी जलसुरक्षक नेमलेले आहेत, ते टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतात, ओटी चाचणी करतात. वर्षातून दोनदा सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे वा लाल कार्ड मिळते. व्यवस्था कागदावर उत्तम आहे. परंतु पावडर संपली, जलसुरक्षकाचे मानधन थकले, पावसात जलवाहिनीत गढूळ पाणी शिरले, हे अनुभव कोणत्याही ग्रामसेवकाला नवे नाहीत. याच जिल्ह्यातील इचलकरंजीत २०१२ मध्ये दूषित पाण्यातून काविळीची साथ आली आणि माणसे दगावली, हे विसरण्याइतका काळ अजून गेलेला नाही.

म्हणून नियम एकच आणि त्याला अपवाद नाही. पाणी खळखळून किमान तीन ते पाच मिनिटे उकळावे, झाकून कोमट होऊ द्यावे, अर्धा लिटरला सपाट एक लहान चमचा स्वच्छ मीठ घालावे, लोटा प्रत्येकाचा वेगळा असावा आणि तो धुऊन कोरडा ठेवावा. घरच्या साध्या फिल्टरवर विसंबू नये. नाकातून रक्त येत असेल, कान फुटलेला असेल, नाकाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याविना ही क्रिया करू नये. नंतर नाक जोराने शिंकरू नये, कारण पाणी कानाच्या नळीत जाते.

नियम सांगावयास सोपा आहे. तो पाळावयाचा कोणी? पाच माणसांच्या घरात यासाठी रोज दीड-दोन लिटर पाणी उकळावे लागेल. ते उकळणार बहुधा घरातील स्त्री, आणि तेही सकाळच्या त्याच घाईच्या वेळी. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी घरोघर पोहोचविली हे खरे. पण टाकी संपल्यावर पुढची कधी भरावयाची, हे रोजगाराच्या हिशेबावर ठरते, आणि मधल्या दिवसांत चूल पेटतेच. नाक धुण्याचे पाणी तापविण्यासाठी चुलीचा धूर नाकात घ्यावयाचा, असा हा प्रकार होईल. 'फुकटचा उपाय' म्हणून जलनेतीचे गुणगान करणाऱ्यांनी सरपणाचा आणि बाईच्या वेळेचा हिशेब कधी मांडलेला नसतो.

धुराचा उल्लेख आलाच आहे, तर आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. पावसाळा सरला की या जिल्ह्यात उसाचा हंगाम सुरू होतो. तोडणीनंतर शेतात पाचट पेटविले जाते, गुऱ्हाळांच्या चुलाणांतून धूर निघतो आणि थंडीच्या सकाळी तो खोऱ्यांत साचून राहतो. त्यातील जाड धूळ नाकात अडकेल व धुतलीही जाईल. पण अतिसूक्ष्म कण नाकाला चुकवून थेट फुप्फुसात उतरतात, आणि तेथे कोणताही लोटा पोहोचत नाही. दमा, न्यूमोनिया, क्षय ही दुखणी नाकाच्या पलीकडची आहेत. नागरिकाने आपले नाक धुवावे आणि हवेचे काय ते कोणीच पाहू नये, अशी वाटणी होणार असेल तर ती मान्य करता येणार नाही.

तेव्हा करावयाचे काय? या लेखकाची सूचना अशी की, कोल्हापूर जिल्ह्याने एका पावसाळ्यापुरती रीतसर चाचणी घ्यावी. जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिवाजी विद्यापीठ आहे आणि पन्हाळ्यासारखा, पाऊस व सर्दी दोन्ही भरपूर असलेला तालुका आहे. पाचवी ते आठवीच्या काही शाळा चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागाव्यात. पालकांची लेखी संमती घ्यावी, सक्ती कोणावरही नको. एका गटात सर्दीची चाहूल लागलेल्या मुलांना मिठाच्या उकळलेल्या पाण्याचे थेंब वा धावन शिकवावे, दुसऱ्या गटात नेहमीचे चालू द्यावे. जून ते सप्टेंबर किती दिवस गैरहजेरी पडली आणि किती वेळा अँटिबायोटिक दिले गेले, एवढेच मोजावे. पहिल्या मोजणीचे साधन प्रत्येक वर्गात आधीच आहे: हजेरीपट. प्रत्येक शिक्षक तो रोज भरतो, आणि त्यात या जिल्ह्याच्या आरोग्याचा केवढा इतिहास पडून आहे, याची कोणाला जाणीव नाही.

यावर शिक्षकांकडून कोणता आक्षेप येईल हे ठाऊक आहे आणि तो रास्त आहे. जनगणना, निवडणुका, सर्वेक्षणे, निरनिराळ्या पोर्टलांवर भरावयाची माहिती; त्यात आता मुलांची नाकेही शिक्षकांनीच धुवावयाची काय? तसे मुळीच नको. प्रात्यक्षिक आरोग्य खात्याने द्यावे, औषधांची नोंद वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घरी जाऊन घ्यावी, आणि शिक्षकाने गैरहजेरीपुढे सर्दीची एक खूण करावी, यापलीकडे काही मागू नये. आशा सेविकांवर हे काम ढकलण्याचा मोहही टाळावा. त्यांच्या माथी आधीच पुरेसे आहे.

पाणी उकळण्याची सोय मात्र शाळेतच आहे. पोषण आहाराची खिचडी जेथे शिजते, त्याच शेगडीवर पातेले उतरल्यावर पाण्याचे पातेले चढविता येईल. स्वयंपाकीणबाईंना त्या कामाचे वेगळे मानधन द्यावे लागेल आणि गॅसची टाकी महिन्याला एखादी अधिक लागेल. ती टाकी शिक्षण खात्याच्या लेखाशीर्षाखाली पडावयाची की आरोग्य खात्याच्या, याचा निर्णय जूनपूर्वी जिल्हा परिषदेला करून ठेवावा लागेल.